मुक्काम वाढवण्याबाबत

दि. ६ ऑक्टोबर

मुख्याध्यापिकाबाई, म्हणजेच आमची चिमणी, हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. आईला नमस्कार सांग. तिचं कानाचं यंत्र झोपताना डबीत ठेवायला लाव. उशीखाली सरकवते आणि सकाळी घर डोक्यावर घेते. जावईबापूंना म्हणावं, तुमची बायको सुट्टीपुरती आईजवळ ठेवून घेतली आहे, शाळा उघडायच्या आत जशीच्या तशी परत करू.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात निदान माझा पूर्णविराम मीच देतो.

खोली एका बाईंच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याने घेतली आहे. दोन खाटा, एक टेबल, आणि खिडकीतून दिसतं ते नाटकगृहाचं मागचं दार. दिवसभर तिथे माणसं लाकडी जिने आणि रंगवलेल्या भिंती आत नेत असतात. समोर एवढं मोठं शहर, आणि आमच्या वाट्याला नाटकाची पाठ आली. तुझी वहिनी मात्र त्या खिडकीवर खूश आहे. आल्याआल्या खुर्ची तिथे ओढली ती ओढलीच.

माझा बेत तुला पाठ आहे, कारण वर्षभर मी तो तुम्हाला ऐकवून तुमचे कान किटवले आहेत. जन्मभर डेपोत बसून गाड्यांची वेळापत्रकं केली. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर कधी पोचते ते झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन, पण त्यातल्या एकाही फाट्यावर मी उतरलेलो नाही. तेव्हा निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं की आता आपण गाडीत बसायचं. शहर नुसतं पथारी टाकायला. दोन रात्री इथे, मग तळं, मग किल्ला, मग गुहा, शेवटी समुद्रावरचं दीपगृह. प्रत्येक ठिकाणी एक रात्र, सकाळी पुढची गाडी. असा नेटका बेत डेपोतसुद्धा कुणी केला नसेल.

तर येताना गाडीत ही मला म्हणाली, "अहो, आपण एकाच जागी राहू या का? रोज पिशवी भरायची, रोज उपसायची, म्हणजे घरच्यासारखंच झालं की. मला एक नाटक बघायचंय आणि मग नुसतं बसायचंय."

मी म्हटलं, बसायला घर आहे. त्यावर तिने पदर सारखा केला. तिचं ते पदर सारखा करणं तू बघितलंयस.

आता आजची गंमत. खाली जेवणघरात सकाळी आमच्यासमोर एक नट बसला होता. नाटकात खलनायक, स्वभावाने गरीब गाय. त्याच्या कोटाची बगल उसवलेली. म्हणाला, शेवटच्या अंकात मी पडद्याला धरून जिन्यावरून खाली कोसळतो, आणि रोज तालमीत बगल फाटते. आमच्या कपडेपटाच्या मोठ्या बाईंचं मनगट मोडलंय, प्लॅस्टर आहे, त्या सांगतात आणि आम्ही टाके घालतो, आणि ते टाके आम्हीच दुसऱ्या दिवशी फाडतो.

मला राहवतंय का! मी म्हटलं, "अहो, आमच्या डेपोच्या कंडक्टरांचे शर्ट हिने शिवलेत. दिवसभर हात वर करून दांडी धरायची असते त्यांना. एकाची बगल उसवली असेल तर दाखवा. हा कोट ती तासाभरात करून देईल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहात तोंड घातलं. तिला न विचारता तिच्या वतीने शब्द द्यायचा, ही खोड माझी जाणार नाही, असं ती नंतर खोलीत येऊन म्हणाली. पण तिथे, सगळ्यांसमोर, ती त्या नटाला म्हणाली, "हात वर करा. आता खाली बसा. आता पडून दाखवा."

"इथे?"

"मग कुठे? नुसते उभे राहिलात तर मला तुमचा कोट कसा कळणार?"

आणि चिमणे, तो पठ्ठ्या खरंच पडला. खुर्चीसकट. घरमालकीण हातात झारा घेऊन धावत आली. तुझ्या वहिनीने तेवढ्यात बगलेत दोन बोटं घालून बघितलं होतं कापड कुठे ओढतंय ते. मग बाहीखाली चौकोनी तुकडा बसवला, ज्याला ती चौबगला म्हणते. दुपारी त्या नटाने नाटकगृहाच्या दारात आम्हाला खिडकीत बघून दोन्ही हात आभाळाकडे केले. शाबूत!

त्यामुळे तळं एक दिवस पुढे गेलं. एकच दिवस हं. बेत तो बेत.

तुझा,
दादा


दि. १३ ऑक्टोबर

चिमणे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. "आईची काळजी नको, पण शाळेच्या आत या म्हणजे या" हे वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलं आहेस. रेघ पोचली.

तळं बघून आलो. छान आहे. तळ्यासारखं आहे.

एकटाच गेलो. म्हणजे झालं असं की त्या कोटानंतर मोठ्या बाईंनी हिला भेटायला बोलावलं, एका दिवसापुरतं. मग दुसऱ्या दिवसापुरतं. मोठ्या बाई म्हणजे कपडेपटाच्या प्रमुख. तोंडाने फटकळ, हाताला प्लॅस्टर, आणि पहिला प्रयोग आठवड्यावर आलेला. राजाच्या दरबारातले सगळे कपडे अर्धवट. ही म्हणाली, "तुम्ही तळं बघून या. मला एवढे झगे उरकून टाकू देत, मग किल्ल्याला येते." मी म्हटलं ठीक, आणि तिकीट काढलं.

गाडी वेळेवर सुटली, ते मला आवडलं. खिडकीची जागा मिळाली. तळ्याकाठी उतरलो, पाणी बघितलं, पलीकडचे डोंगर बघितले, आणि "अगं बघ" म्हणून वळलो तर शेजारी एक अनोळखी गृहस्थ अंडं सोलत होते. त्यांनीही बघितलं बिचाऱ्यांनी. म्हणाले, हो, छान आहे. मी तिथे रात्र काढणार होतो. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. वेळापत्रक करणाऱ्या माणसाने आपलंच वेळापत्रक मोडलं, तेही पहिल्याच मुक्कामाला.

परत आलो तर खोलीत ही नाही. सरळ नाटकगृहात गेलो. मागच्या दारावरच्या माणसाने मला अडवलं नाही, कारण मी खिडकीतला माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं.

कपडेपट म्हणजे लांबलचक खोली. एका भिंतीला दांडीभर झगे टांगलेले, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, मध्ये कापायचं मोठं टेबल. वाफेचा आणि नव्या कापडाचा वास. आणि टेबलाच्या टोकाला आमची ही, तोंडात टाचण्या, सुई टोचू नये म्हणून बोटाला अंगुस्ताना. समोर नाटकाची नायिका ताठ उभी. ही टाचण्या काढून तिला म्हणते, "पोट आत घेऊ नका. नाटकभर श्वास धरणार आहात का? सोडा. हां. आता हे तुमचं खरं माप." ती नायिका, जिचे फोटो शहरभर लागलेत, ती मुकाट्याने पोट सोडून उभी राहिली! आणि सगळे हिला "बाई, जरा इकडे", "बाई, हे बघता का" करत होते.

मी दारातच थांबलो. चिमणे, तुला सांगतो, ऊर भरून आला. इतकी वर्षं आपल्या मागच्या खोलीत, आईच्या औषधांच्या आणि माझ्या जेवणाच्या वेळा सांभाळून, ही शिवत बसायची आणि आपण जाता येता म्हणायचो, "शिवतेय वाटतं." ती काय करते हे बघायला मला परगावी यावं लागलं. तिने मला पाहिलं तेव्हा म्हणाली, "आलात? रिकामे आहात ना? मग बसा." आणि माझ्या हातात एक झगा देऊन धावदोरे ओढायला बसवलं. पक्की शिलाई झाली की आधीचे कच्चे टाके ओढून काढायचे, असं ते काम. मला जमतं. मोठ्या बाई म्हणाल्या, यांचा हात हलका आहे. मी त्या दिवसापासून रोज जातो.

किल्ला मात्र बघितला, काल. तोही एकट्यानेच, कारण दरबाराच्या बायकांचे काज राहिले होते. पण किल्ला मजेदार. चढताना दम लागला, वर वारा सुटला होता, आणि तोफेवर बसून मी खालचा सगळा रस्ता वळणावळणाने ओळखला. मला आवडलं, लपवत नाही. संध्याकाळी येऊन हिला ते सांगितलं, तिने काज करता करता ऐकलं आणि एकदा विचारलं, "तोफ गंजलेली होती का?" एवढं कुणी विचारायला असलं की किल्ला दुप्पट होतो.

गुहा आणि दीपगृह अजून राहिलंय.

हां, नाटकगृहाचे मॅनेजर जिन्यात भेटले होते. भला माणूस. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. थंडीत इथे कसं असतं वगैरे.

आई तुझ्या हातचं जेवते का? तुझ्याशी पत्ते खेळते का, की अजून मला नावं ठेवण्यातच वेळ जातो? तुमच्या घरचा जिना आईला झेपेल का गं? सहज विचारतो. आणि तुमची मागची खोली, जिथे जावईबापूंची सायकल असते, तिथे ऊन येतं ना? हेही सहजच.

तुझा,
दादा


दि. २२ ऑक्टोबर

चिमणे,

आशीर्वाद. तू उत्तरात जिन्याबद्दलही लिहिलं नाहीस आणि उन्हाबद्दलही. फक्त विचारलंस, "दादा, तुला काय म्हणायचंय ते म्हण ना." म्हणतो. पण आधी परवाचं ऐक, नाहीतर पुढचं तुला नीट कळणार नाही.

परवा पहिला प्रयोग झाला. मला चौथ्या रांगेत जागा दिली होती. ही आत, विंगेत, सुईत दोरा ओवून उभी. पडदा वर गेला आणि दरबार दिसला, तेव्हा लोकांच्या तोंडून "आहा" असं आलं. मला प्रत्येक झगा ओळखू येत होता. हिरव्या झग्याचे धावदोरे मी काढलेत. राणीच्या बाहीवरच्या पाच चुण्या हिने तीनदा उसवून घातल्यात. नाटक काय चाललंय ते मला अर्धंच कळलं, कारण माझं लक्ष शिलाईवर.

शेवटच्या अंकात आमचा गरीब गाय खलनायक जिन्याच्या टोकाला आला. राजाने तलवार उपसली. हा मागे सरला, दोन्ही हात वर करून पडदा धरला, आणि धाड धाड करत खालपर्यंत आला. सगळं नाटकगृह चिडीचूप. खलनायक मेलेला, लोकांचा श्वास अडकलेला. मी मात्र उठून त्याच्या बगलेकडे पाहिलं. एकही टाका तुटला नव्हता. आणि मी टाळी वाजवली.

एकट्यानेच. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून असं पाहिलं की जणू मीच त्याला ढकललं. मी त्यांना म्हटलं, "बगल बघा. माझ्या बायकोची आहे." त्या पुन्हा माझ्याकडे बघेनात. मला काय त्याचं! आयुष्यात इतक्या चुकीच्या वेळी आणि इतक्या खऱ्या मनाने मी कधी टाळी वाजवली नव्हती. शेवटी सगळे नट रांगेत उभे राहिले तेव्हा त्या नटाने विंगेत हात घालून हिला बाहेर ओढायचा प्रयत्न केला. ही कसली येते! नुसती तिची बांगडी आणि अंगुस्ताना दिसला. मला तेवढं पुरलं.

आता ऐक. जिन्यात मॅनेजर भेटले होते, ते हवापाण्यासाठी नव्हते. मागच्या पत्रात मी ते सफाईने टाळलं. त्यांनी विचारलं होतं, बाई नाटकाचा हंगाम संपेपर्यंत थांबतील का? म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत. पगार, आणि नाटकगृहाच्या मागे दोन खोल्या. मी "बघू" म्हणालो आणि हिला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं तर ती आईचं नाव काढून नाही म्हणेल, आणि मग मीच तिला अडवल्यासारखं होईल. आणि न सांगावं तर? तेही अडवणंच. त्या दिवसापासून धावदोरे ओढता ओढता मी हेच उलटसुलट करत होतो. एक मन म्हणायचं, गुहा राहिली, दीपगृह राहिलं, मी निवृत्त झालो ते कपडेपटात बसायला नव्हे. दुसरं मन तोंड उघडून तिच्याकडे बघत बसायचं.

नाटक संपल्यावर मी आत गेलो. ती राणीच्या झग्यावर इस्त्री फिरवत होती. मी म्हटलं, "हे लोक तुला हंगामभर थांब म्हणतायत."

ती म्हणाली, "बरं. मग तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "मला वाटतं आपण थांबावं. सहलींचं बघू. तुझ्या सुट्टीच्या दिवशी आठवड्याला एक ठिकाण, दोघांनी जायचं. डोंगर काही उठून जात नाहीत. आणि एकट्याने बघायला मला मजा येत नाही, किल्ला सोडून."

तिने इस्त्री उभी ठेवली. डोळे पुसले, आणि वाफेवर ढकललं.

तेव्हा, मुख्याध्यापिकाबाई, मला जे म्हणायचं होतं ते असं: उन्हाळ्यापर्यंत आईला तू तुझ्याकडे नेशील का? इतकी वर्षं आई हिच्याच हातची आहे. औषध, पाठ चोळणं, त्या कानाच्या यंत्राची शोधाशोध, सगळं. आपल्या दोघांची आई, पण राबली ती ही. तुझी शाळा आहे, जावईबापू आहेत, जिना आहे, मला सगळं ठाऊक आहे. म्हणूनच मागच्या पत्रात तोंडातल्या तोंडात बोललो. आता स्पष्ट विचारतो. तू नाही म्हणालीस तर रागावणार नाही, आम्ही महिनाअखेर गाडीत बसू. पण हो म्हणालीस, तर तुझ्या वहिनीला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामासाठी थांबवून घेतलंय, एवढं तिच्या पदरात पडू दे.

बास. हे पत्र हिला पाकिटात घालायला देतो आहे. ती म्हणतेय, खाली तिला चार ओळी लिहायच्या आहेत. तिला कोण अडवणार?

तुझा,
दादा


वन्संना सप्रेम नमस्कार.

यांनी एवढं लिहिल्यावर मला जास्त काही लिहायचं नाही. फक्त तुमच्या मनात गैरसमज नको. मॅनेजरनी मला आधीच विचारलं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. यांना विचारलं ते रीत म्हणून.

त्याच दिवशी मी आईंना फोन केला. म्हटलं, तुमचं कसं होईल? आई म्हणाल्या, "माझं करायला माझी लेक आहे. तू राहा आणि नाव काढ. मी काही एवढ्यात मरत नाही." तुम्ही शेजारीच होतात, आणि आई फोनवर किती मोठ्याने बोलतात ते आपल्याला माहीत आहे. तुम्ही तेव्हाच फोन हातात घेऊन म्हणालात, "वहिनी, खोली रिकामी करते, पण दादाला सांगू नका. त्याला स्वतःच्या तोंडाने विचारू दे." तुमचं ते म्हणणं मला पटलं. तुम्ही तुमच्या घरी सांगून खोलीतली सायकल हलवून घेतली, आईंसाठी खाट उन्हाकडे लावून घेतली, हेही मला कळलंय. तुमचे उपकार मानत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. पण आईंना मसाला बेताने द्या, आणि तेल पाठीला कोमट करूनच लावा.

यांनी नाही म्हटलं असतं तरी मी राहिले असते. यांना गाडीत बसवून दिलं असतं, बरोबर डबा दिला असता. पण ते थांबू या म्हणाले, तेही तोंडदेखलं नाही. ते ऐकून फार बरं वाटलं. तेवढ्यासाठीच मी गप्प होते.

हे सगळं मी आता यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "डब्यात काय दिलं असतंस?"

आता निघते. दुपारचा प्रयोग आहे आणि राजाचं एक बटण सैल आहे.

तुमची वहिनी,
मदतनीस, कपडेपट


ता. क.
"मदतनीस" हे तिने भिडेपोटी लिहिलंय. काल मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कपडेपटाच्या किल्ल्या हिच्या हातात ठेवल्या. या हंगामाची प्रमुख ती आहे. शाळेत, शेजारीपाजारी, ज्याला त्याला असंच सांगायचं.
– दादा